ताई, सीटचे कान मी कापले

ताई, ती मान डोलावणारी बाहुली अजून काउंटरवरच आहे. तू ठेवलीस तिथंच, मशीनच्या तेलाच्या बाटलीशेजारी. रस्त्यानं कंटेनर गेला की दुकानाची फरशी हादरते आणि ती मान हलवायला लागते. अंजूरफाट्यावरून दिवसाला किती कंटेनर जातात ते तुला मी काय सांगू. म्हणजे ती दिवसभर हलतच असते. आधी माझं लक्षही नसायचं. तू गेल्यापासून दुसरं काही दिसत नाही. दोनदा उचलून खोक्यात टाकली आणि दोनदा परत काढून ठेवली.

काल तुझं तेरावं झालं. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरतोय न सरतोय तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली, मागं काही राहिलं नाही. मी हात जोडून उभा होतो आणि मनातून पार चिडलो होतो. मला वाटलं होतं कावळा अडेल. तासभर तरी अडेल, मग मोठी माणसं विचारतील, तिचं काय राहिलंय, कुणाला काही शब्द द्यायचा आहे का, आणि मग मला सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागेल. पण तू कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस, तिथंही ठेवलं नाहीस. सगळे पटापट जेवायला निघाले. मी सुटलो, आणि सुटलो याचंच मला वाईट वाटत राहिलं.

म्हणून हे लिहितोय. मला लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. शाळेतले निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचीस आणि वर टपली मारायचीस.

गाडीत लहान पोराला पट्ट्यानं बांधायची पहिली बेबी सीट माझ्याकडं आली तो दिवस मला आठवतो, कारण मी त्या दिवशी फार खूश होतो. तोवर मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचो, छत बदलायचो, मॅटिंग टाकायचो. आपल्या आसपासच्या गावांत जमिनी गोदामांना गेल्या, दारोदार मोठ्या गाड्या आल्या, आणि गाडी आली की माणूस आधी देवळात जायचा आणि मग माझ्याकडं यायचा. रेक्झिन लाल पाहिजे, त्यावर कुलदैवताचं नाव पाहिजे, मागच्या काचेवर पोराचं नाव पाहिजे. मग पोरांच्या सीटा यायला लागल्या. कुणाचा जावई पुण्यात, कुणाची सून शिकलेली, त्यांनी हट्ट धरून आणलेल्या. आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं सांगितलं, या सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना हे जे आहे ना, त्यानं पोरीचं तोंडच दिसत नाही. तिलापण बाहेरचं दिसत नाही, रडते.

ते जे होतं, डोक्याच्या दोन्ही अंगांना पुढं आलेलं, आत थर्माकोल, त्यावर फोम, त्यावर कापड, त्याला आम्ही दुकानात कान म्हणायला लागलो. नाव रफिकभाईनं पाडलं. रफिकभाई म्हणजे माझा कारागीर, तीस वर्षं नारपोलीत राहिलेला आणि अजून मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारा. त्यानं सीट हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "सेठ, ये कान निकाल दें तो एकदम सोफा लगेगा."

निघाले. धारदार पात्यानं थर्माकोल कापला, कडा घासल्या, गाडीच्या सीटशी जुळणारं रेक्झिन चढवलं आणि जिथं पोराचं डोकं टेकतं तिथं रेशमी दोऱ्यानं नाव भरलं. कान असताना नावाला जागाच नव्हती. आता नाव लांबूनही वाचता यायचं. मागच्या बाजूला माझ्या दुकानाचं लेबल शिवलं, तेही मोठंच. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्यानं फोटो काढून सगळ्या भावकीला पाठवला. मग एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. मला वाटायचं मी काहीतरी नवीन काढलंय. तुला अभिमानानं दाखवलं ते म्हणूनच.

तू ड्युटीवरून परत जाताना दुकानात चहाला थांबायचीस. हायवेजवळच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढून काढून तुझे डोळे दिवसभर हाडंच बघायचे, आणि मी तुला चिडवायचो की ताईला माणूस भेटला तर आधी त्याच्या बरगड्या दिसतात. त्या दिवशी टेबलावर कान कापलेली सीट होती. निळं रेक्झिन, पांढरं नाव. तू कप खाली ठेवलास.

"ह्याचं बाजूचं कंय गेलं?"

"काढलं. बघ किती मोकली झाली."

काउंटरवरची ती बाहुली उचललीस, विकायला ठेवलेली, डॅशबोर्डावर चिकटवायची, स्प्रिंगच्या मानेची. कटिंग टेबलावर तिला उभी केलीस, अंगाला चिकटपट्टीचे तीन वेढे देऊन टेबलाला पक्की बांधलीस. मग टेबलाला बाजूनं एकच धक्का मारलास. अंग जागचं हललं नाही. डोकं मात्र खांद्यापलीकडं गेलं, तिथून दुसऱ्या खांद्यावर, आणि कितीतरी वेळ तसंच इकडून तिकडं जात राहिलं.

"ही तीन वर्साची पोर हाय समज. अंग पट्ट्यानं धरला. डोका कोनी धरायचा?"

मग तू बाहुलीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुझे तळहात उभे धरलेस आणि रफिकभाईला सांगितलंस, "अब तुम धक्का दो." त्यानं दिला. डोकं तुझ्या हाताला टेकलं आणि थांबलं.

तू पुढंही समजावलंस. समोरून ठोकर बसली तर आधी बोनेट चेपतं, मागून बसली तर डिकी. बाजूला काय असतं? नुसता दरवाजा, आणि दरवाजाला लागून पोर. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी, तिच्यात अजून जोर भरलेला नसतो. आणि आपल्याकडं ठोकर बाजूनंच बसते, तू म्हणालीस, एकेका गोदामाच्या गेटातून ट्रक नाक काढतो तो सरळ तुझ्या दारात. हे सगळं तू शांतपणे सांगितलंस. मीच भडकलो, कारण रफिकभाई ऐकत होता.

"आपन बापाच्या स्कूटरवर पुढं उभं राहून वाढलो. तवा कुठं होते कान?"

"वाचलो. सगलं न्हाय वाचलं."

"मी न्हाय कापले तर दुसरा कापील."

"मग दुसऱ्याला कापू दे ना. तुज्या हातानं कशाला?"

मी म्हणालो, तुला सगळीकडं मोडलेलीच माणसं दिसतात, कारण धड माणसं तुझ्याकडं येतच नाहीत. मला ते वाक्य फार जमलंय असं वाटलं होतं. तू चहा अर्धा टाकून उठलीस. बाहुलीची चिकटपट्टी सोडवून तिला काउंटरवर ठेवलीस आणि गेलीस. त्यानंतरही येत राहिलीस, पण तो विषय निघाला की मी मशीन चालू करायचो. मशीनच्या आवाजात कुणाशी भांडता येत नाही.

आता पूनमच्या हळदीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझ्या पोरीची हळद. आपल्यात हळदीला काय असतं ते सांगायला नको, लग्न एक वेळ लहान होईल, हळद लहान होत नाही. मांडव, बँजो, दीड-दोन हजार माणूस. आणि पहिली हळद आत्यानं लावायची. दुपारी तू चप्पल घालून, पर्स खांद्याला लावून अंगणात उभी होतीस. मी आचाऱ्याशी वाद घालत होतो.

"मी वडप्याला जाऊन येते रं. दोन तासात येते."

"आज? येरी झालीस का? घरात हलद हाय."

"काम हाय."

"कोनाचं?"

तू क्षणभर माझ्याकडं बघितलंस. तुला सांगायचं होतं, हे मला आता कळतं. पण माझ्यामागं आचारी होता, मांडववाला होता, पूनमच्या सासरहून आलेली दोन माणसं होती. माझी अब्रू जाईल म्हणून तू गप्प बसलीस.

मी म्हणालो, "आत्याच न्हाय तर लोक काय बोलतील? वडपं कुठं पलून चाललंय? परवा जा." आणि तुझ्या खांद्यावरची पर्स काढून मी आत खुंटीला अडकवली. सगळे हसले. तूही हसलीस. संध्याकाळी तू पूनमला हळद लावलीस तेव्हा बोटांपेक्षा जास्त तुझ्या मनगटाला लागली होती, आणि मी तुला त्यावरून चिडवलं.

तिसऱ्या दिवशी तू दुकानात आलीस. ड्युटीचा कोट अंगावर तसाच होता. तू कधी कोट घालून बाहेर पडत नव्हतीस. रफिकभाईनं चहा सांगितला. तू बसलीस आणि विचारलंस, "ती लाल सीट गेली ना, वडप्याची, तिच्यावर नाव कसल्या दोऱ्यानं भरला होतास?"

"पिवल्या," मी म्हणालो. "हलदीसारखा एकदम. उठून दिसतो ना? कुठं बघितलीस?"

तू म्हणालीस, आज एका पोरीच्या मानेची फिल्म काढली. दोनदा काढली, कारण पहिलीवर माझा विश्वास बसला नाही. फिल्म साफ होती. एकही हाड सरकलेलं नाही, कुठं चीर नाही. आणि पोर डावा हात उचलत नव्हती. लहान पोरांत असं होतं, तू म्हणालीस, हाडं लवचिक असतात, ती ताणली जातात आणि परत जागेवर येतात, पण हाडांच्या आतली नसांची दोरी तेवढी ताणली जात नाही. अंगावर ओरखडा नव्हता. पट्टा बरोबर लावलेला होता, आईनं स्वतः लावलेला.

मी विचारायला हवं होतं, कुणाची पोर? एवढे दोनच शब्द. माझ्या जिभेवर आले होते. बाहेरून एक कंटेनर गेला, बाहुली हलायला लागली, आणि आपण दोघांनी एकाच वेळी तिच्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बिस्किट खाशील?"

ताई, मला तेव्हाच कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. मला कळलं होतं आणि मी न कळल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवसापासून कान कापणं बंद केलं. रफिकभाईला सांगितलं, पातं खराब झालंय. गिऱ्हाइकांना सांगितलं, कंपनीनं मना केलंय. तुला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर का बंद केलं तेही सांगावं लागलं असतं. आणि तूही त्या दिवसानंतर त्या विषयावर एक अक्षर काढलं नाहीस. आपण वर्षभर चहा प्यायलो. पाण्याच्या टँकरवर बोललो, पूनमच्या डोहाळ्यांवर बोललो, तुझ्या प्राचीच्या नोकरीवर बोललो. मला वाटलं विषय संपला. कधीकधी तर मला वाटायचं, मी जिंकलो.

मग तू गेलीस. तीन दिवस हॉस्पिटलात श्वासाच्या मशीनच्या आवाजात पडून होतीस आणि तिथंही कुणाशी भांडता येत नव्हतं.

नवव्या दिवशी तुझी प्राची मला आतल्या खोलीत घेऊन गेली. "मामा, आईच्या कपाटात एक गोणी हाय. ती म्हनायची ही संजयमामाची हाय, पन तो मागंल तवाच द्यायची. तू तर मागितली न्हाईस. मी काय करू?" माझी म्हणवणारी कुठलीही गोणी मला माहीत नव्हती. सोडली तर आत कान होते. तेच. निळ्या कापडातले, काळ्या, करड्या. मी कापून भंगारात टाकलेले. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, आणि त्यावर तुझ्या अक्षरात, एक्स-रेवर लिहितात तसं, डावा, उजवा. खाली पोराचं नाव, गाव. आणि बहुतेकांवर एक बरोबरची खूण.

मी गोणी घेऊन सरळ दुकानात आलो आणि रफिकभाईसमोर ओतली. त्यानं शिलाई थांबवली.

"दीदी ले जाती थी," तो म्हणाला. "आप बँक जाते थे तब. बोली, संजय को मत बताना, गुस्सा करेगा. नाम-गाँव मैं बताता था, वो लिखती थी. फिर घर-घर जाती थी. उनको समझाती थी कि ये सीट अब काम की नहीं, दूसरी लो. बोलती थी, फोन पे सब हाँ-हाँ करते हैं, सामने बैठके बोलना पड़ता है."

"आनि मी कापायचं बंद केलं ते?"

"वो भी मैंने बताया. उस दिन चाय पूरी पी."

म्हणजे तू माझ्या मागं मागं फिरत होतीस. मी कापत होतो आणि तू त्या त्या दारात जाऊन बसत होतीस. माझं नाव खराब होऊ न देता. अंजूर, काल्हेर, कशेळी, कुठं कुठं. बरोबरची खूण म्हणजे ती सीट गाडीतून निघाली. रफिकभाई आणि मी जोड्या लावल्या. सहा जोड्या पूर्ण भरल्या, सहाही जोड्यांवर खूण. सातव्या जोडीतला एकटा उजवा कान निघाला. लाल कापडातला, वडप्याच्या सीटचा. स्वरा, असं नाव. त्यावर खूण नव्हती. त्याचा डावा जोडीदार गोणीत नव्हताच. आम्ही गोणी उलटी करून झटकली.

तू एकेक घर घेत चालली होतीस आणि वडपं राहिलं होतं. हळदीच्या दिवशी तू तिथं निघाली होतीस. तुझी पर्स मी खुंटीला अडकवली.

दोन दिवस मी जेवलो नाही, हे तुला दया यावी म्हणून सांगत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, उपाशी राहून काय होनार हाय, ऊठ. म्हणून उठलो, आणि तेरावं उरकल्यावर निघालो. आज गुरुवार. सकाळी वडप्याला गेलो.

स्वराचे आजोबा बाळारामशेठ, सीट शिवायला टाकायला तेच आले होते. त्यांची भातशेती होती तिथं आता त्यांच्या बंगल्याच्या भिंतीला लागून गोदाम आहे. गेटावर उभं राहिलं की गोदामातून निघणारे कंटेनर अगदी अंगाजवळून वळतात. त्यांनी मला ओळखलं. ओसरीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी दुकानातून निघतानाच ठरवलं होतं की पाणी प्यायच्या आधी बोलायचं, पण आधी प्यायलो.

"ती सीट मी शिवली," मी म्हणालो. "कान मी कापले."

त्यांनी गेटाकडं बोट केलं. "थंय झाला. देवलातून येत होतो, गारी मीच चालवत होतो. घर समोर दिसत होता. कंटेनर निघाला, डावीकडून लागला. गारी फूटभर सरकली असंल. दार चेपला, काचपन पुरी फुटली न्हाय. आमाला कोनाला खरचटला न्हाय. मी मागं वलून बोल्लो, घाबरू नको बाला. ती रडतपन नव्हती."

"मी कान..."

"मना माहीत हाय ना. सीटच्या मागं तुमचं लेबल हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "कापा म्हनून मीच सांगितला होता. नाव दिसला पायजे म्हनून मीच बोल्लो. आता कोनावर ओरडू?"

डॉक्टर त्यांना म्हणाले होते की कान असते तर काय झालं असतं हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. ते मला हेही सांगत होते, मला हलकं वाटावं म्हणून. ताई, मला ती सूट घ्यायची नाही.

मग ते म्हणाले, "तुमची ताई दर गुरवारी येयाची. पोरीच्या हाताचा यायाम करून घेयाची. वरीसभर, एक गुरवार चुकवला न्हाय. मी बोल्लो, तुमच्या भावाला बोलवू का एकदा? तर बोलली, न्हाय, बोलवायचा न्हाय. तो येईल. त्याच्या मनानं येऊ दे."

वर्षभर, ताई. दर गुरुवारी तू तिथून निघून माझ्या दुकानात येऊन बसायचीस. चहा प्यायचीस. मी टँकरवर बोलायचो. तू वाट बघत होतीस की आज हा विचारेल. आणि मी बिस्किट पुढं करत होतो. मला शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं गं. एक कानाखाली वाजवायची होतीस, लहानपणी वाजवायचीस तशी. मी आलो, पण तू बघायला नाहीस, आणि आता मी कुणासाठी आलो हेही मला नीट सांगता येत नाही.

आतून स्वरा आली. चार वर्षांची झालीय. आईनं हाक मारली तशी ती दारात थांबली, आणि आईकडं बघायला तिनं मान वळवली नाही. सगळी वळली. पाय, कंबर, खांदे, सगळं एकदम, आणि मग बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघायचं झालं तेव्हा पुन्हा तशीच सगळी वळली. घरातल्यांना त्याची सवय झालेली दिसली. माझ्या डोळ्यासमोर दुकानातली बाहुली आली. तिची मान दिवसभर हलते, आणि ही पोर.

"ताईआजी न्हाय आली?"

तिची आई तोंड फिरवून आत गेली. मी म्हणालो, "ती न्हाय येणार. मी तिचा भाऊ."

तिनं मला नीट बघून घेतलं. मग जवळ येऊन बसली आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. मुठीत काहीतरी धरलेलं होतं. बोटं पुरती मिटत नव्हती त्यामुळं मला ते दिसलं. फोम होता, चहाच्या बशीएवढा, कडेला लाल कापडाची चिंधी अजून चिकटलेली. गोणीत नव्हता तो डावा कान. वरचं कापड सोलून, आतला थर्माकोल काढून, तू तो तिला दाबायला दिला होतास.

"मी दाबनार. तू मोज. ताईआजी धापर्यंत मोजते."

मी मोजायला लागलो. एक. फोम जरासा दबला. दोन. तीन. प्रत्येक आकड्याला ती ओठ आवळायची. चार. पाच. सहाला बोटं नुसती थरथरली, फोम दबला नाही. मी थांबलो. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बाळारामशेठ भिंतीकडं बघत होते. "सहा मोज ना," ती म्हणाली, आणि मी तो दबला नसतानाच सहा म्हणालो. तू असं केलं नसतंस. तू थांबून राहिली असतीस, मला माहीत आहे.

गोणी तू सुरू करण्याआधी मी किती सीटा कापल्या ते रफिकभाईलाही धड आठवत नाही. तीन, कदाचित चार. त्यांची नावं, गावं कुणाकडंच नाहीत. त्या कुठंतरी फिरतायत, पट्टा नीट लावून, नाव लांबून वाचता येईल असं. आता सिग्नलला गाडी थांबली की मी शेजारच्या गाडीच्या काचेला डोकं लावून मागच्या सीटवर बघतो. लोक काच वर करतात. एकानं शिवी घातली. बघत राहीन. दुकानावर मोठा बोर्ड लावलाय, की इथं शिवलेली बेबी सीट घेऊन या, ती ठेवून घेईन आणि कानांसकट नवी देईन. रफिकभाई म्हणाला कान परत चिकटवून देऊ का, तर चिकटवलेला कान डोकं धरत नाही म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, आणि ओरडल्यावर लक्षात आलं की आवाज तुझा होता.

दुपारी निघालो. पुढच्या गुरुवारी येतो म्हणालो, आणि स्वरानं विचारलं नक्की का, तर नक्की म्हणालो. गेटाबाहेर स्कूटर काढली आणि थांबलो, कारण गोदामातून कंटेनर नाक बाहेर काढत होता. जिथं त्यांची गाडी होती बरोबर तिथंच मी उभा होतो. मी डावीकडं मान वळवून बघितलं, मग उजवीकडं वळवून बघितलं, मग परत डावीकडं. तेव्हा मला कळलं मी काय करतोय, नुसती मान वळवून बघतोय. कंटेनर निघून गेला, रस्ता मोकळा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. माझ्यानं पुढं जाववेना. मी तिथंच, मान सरळ धरून, उभा राहिलो.